सायकल, स्नायू आणि लांबचा पल्ला

एखाद्या चांगल्या कामासाठी निधी जमवायचा आणि त्यासाठी सायकलवरून लांबचा प्रवास करायचा, ही कल्पना आता आपल्याकडे नवी राहिलेली नाही. अशा फेरीचे ठरले, की मुले शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात. तयारी काय करायची? सायकलचे ओव्हरहॉलिंग करून घेतले, ट्यूब नवी टाकली, चार दिवस आधी पाय मोकळे केले, की झाले का? प्रश्न साधा आहे, पण त्याचे नीट उत्तर मिळायला बराच काळ लागला. त्यात थोडे भौतिकशास्त्र आहे, थोडे शरीरशास्त्र आहे आणि तीसेक वर्षे चाललेले एक भांडणही आहे.

अशा फेऱ्यांपैकी एका नावाजलेल्या फेरीची सुरुवात १९८० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाली. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ मध्ये कर्करोगाने गेली होती. त्याने ३६ जणांना जमवले आणि स्प्रिंगफिल्ड या गावापासून समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत २२० मैल, म्हणजे सुमारे ३५४ किलोमीटर, अंतर दोन दिवसांत सायकलने कापायचे ठरवले. त्यातून १०,२०० डॉलर उभे राहिले आणि ते बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेच्या कामाला गेले. 'पॅन-मॅस चॅलेंज' या नावाची ही फेरी अजूनही दरवर्षी निघते. ती शर्यत नव्हे. पहिला कोण आला हे तिथे कोणी विचारत नाही. सगळे सुखरूप पोहोचले का, एवढेच विचारतात.

आता याच्या ८९ वर्षे आधीचे चित्र पाहू. ६ सप्टेंबर १८९१ रोजी पॅरिसहून दोनशेवर सायकलस्वार निघाले. फ्रान्सच्या पश्चिम टोकावरच्या ब्रेस्ट बंदरापर्यंत जायचे आणि परत पॅरिसला यायचे, एकूण सुमारे १२०० किलोमीटर. 'ल पती जूर्नाल' या वृत्तपत्राचा संपादक प्येर जिफार याने ही शर्यत भरवली होती. माणसाचे शरीर हा ताण सोसेल का, याविषयी तेव्हा डॉक्टरांनाही खात्री नव्हती. शार्ल तेरों हा पहिला आला. त्याला सुमारे ७१ तास लागले आणि तिसऱ्या रात्री त्याचा प्रतिस्पर्धी झोपला असताना तो पुढे निघून गेला. निघालेल्यांपैकी जवळजवळ निम्मेच परत पोहोचले.

एक भागाकार करून पाहा. १२०० ला ७१ ने भागले, तर ताशी सरासरी सतरा किलोमीटरसुद्धा होत नाहीत. आपल्याकडचा दूधवाला रिकाम्या किटल्या घेऊन घरी परततो तो साधारण याच वेगाने. म्हणजे तेरोंचे मोठेपण वेगात नव्हते, त्या वेगाने टिकून राहण्यात होते. १८९१ मध्ये जे निवडक दणकट गड्यांनाच साधले, ते आज नोकरीधंदा करणारे, पन्नाशीतले स्त्री-पुरुषही करतात. हीच पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस फेरी आता दर चार वर्षांनी हौशी सायकलस्वारांसाठी होते. ९० तासांची मुदत असते, क्रमांक काढले जात नाहीत, आणि २०१९ व २०२३ मध्ये भारतातूनही मोठ्या संख्येने सायकलस्वार तिथे गेले होते. या सव्वाशे वर्षांत माणसाचे स्नायू काही बदललेले नाहीत. आमच्या मते बदलले ते एवढेच, की स्नायूंना वाचवायचे कसे हे माणूस शिकला. लांब पल्ल्याची तयारी म्हणजे मुख्यतः ही बचत आहे.

हवेवर चालणारे चाक

पहिली बचत चाकाची. सुरुवातीच्या सायकलींना लाकडी चाकावर लोखंडी धाव असे, मग भरीव रबराची पट्टी आली. भरीव चाक खड्ड्यातल्या दगडावर चढते तेव्हा सायकल आणि स्वार असे सगळे वजन तेवढे उचलले जाते आणि पलीकडे आदळते. वर उचलण्यात गेलेली ऊर्जा पुढच्या गतीत परत मिळत नाही. ती हाडांत, सीटच्या स्प्रिंगांत आणि आवाजात जाते.

बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी १८८८ मध्ये हवा भरलेली रबरी नळी चाकाला बसवली. त्याची पहिली चाचणी फार सुंदर आहे, आणि वर्गाबाहेरच्या पटांगणात कोणालाही करता येईल. त्याने भरीव रबराचे चाक आणि हवेचे चाक अंगणात आळीपाळीने हाताने ढकलून दिले. भरीव चाक थोडे जाऊन कलंडले. हवेचे चाक अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकावर आपटले. हीच कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच पेटंट करून ठेवली होती, पण तेव्हा ती बसवायला योग्य वाहनच नव्हते. पुढे थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉपचे पेटंट रद्द ठरले.

हवेचे चाक दगडावर चढते तेव्हा फक्त टायरचा तेवढा भाग दबतो. दबलेली हवा स्प्रिंगसारखी ऊर्जा धरून ठेवते आणि लगेच परत देते. सगळी परत देत नाही. टायरचे रबर आणि आतले कापड वारंवार वाकते व सरळ होते, त्यात काही ऊर्जेची उष्णता होते. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो आणि हे नुकसान वाढते. म्हणूनच अर्धवट हवेची सायकल 'जड' लागते. मात्र हवा जितकी कडक तितके बरे, हा जुना समज गेल्या पंधरा-वीस वर्षांत मागे पडला आहे. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा कडक टायर पुन्हा भरीव रबरासारखा वागू लागतो आणि सगळे हादरे शरीराकडे पाठवतो. लांब पल्ल्याचे जाणकार आता थोडा रुंद टायर आणि बेताची हवा पसंत करतात.

डनलॉपच्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो चाकाला चिकटवलेला असे. १८८९ मध्ये फ्रान्सच्या क्लेर्मों-फेरां गावी मिशलँ बंधूंच्या रबरी मालाच्या कारखान्यात एक सायकलस्वार असा पंक्चर झालेला टायर घेऊन आला. तो सोडवून दुरुस्त करायला तीन तास लागले आणि डिंक वाळायला रात्रभर ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशलँ ती सायकल घेऊन बाहेर पडला आणि काहीशे मीटरवरच ती पुन्हा पंक्चर झाली. दुसरा कोणी असता तर हा प्रकार निरुपयोगी म्हणून मोकळा झाला असता. मिशलँने त्यातून दोन निष्कर्ष काढले. हवेवर चालणे हेच खरे भविष्य आहे, आणि पंक्चर रस्त्यावर बसून स्वाराला स्वतः काढता आले पाहिजे. १८९१ मध्ये त्यांनी चाकावरून सुटा होणारा टायर आणला. तेरों पॅरिस-ब्रेस्टच्या शर्यतीत धावला तो याच टायरवर.

लांबच्या प्रवासाची सायकल कशी असावी, याचा एक नियम इथे पक्का झाला. ती कधीच मोडू नये अशी अपेक्षा व्यर्थ आहे. मोडली तर वाटेत, हाताशी असलेल्या साधनांनी, दुरुस्त करता आली पाहिजे.

चढाचे भांडण

आता भांडणाकडे वळू. त्यासाठी आधी एक हिशेब. आपली नेहमीची काळी सायकल घ्या. पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आणि २८ इंची चाक. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. पेडल एकदा पूर्ण फिरले की चाक ४४/१८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते आणि सायकल ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १९ ते २० किलोमीटर वेग मिळतो. सपाट रस्त्यावर हे झकास आहे.

हीच सायकल घेऊन घाटात जाऊ. स्वार ७० किलो, सायकल आणि सामान २० किलो. दर २० मीटरला १ मीटर चढ. उतारावरून मागे ओढणारे बल एकूण वजनाच्या विसाव्या भागाएवढे, म्हणजे साडेचार किलोभार. त्यात चाकांचा रोध मिळवून पाच धरू. पेडलचा दांडा साधारण १७ सेंटिमीटर लांब, म्हणून पेडलचा एक फेरा १.०७ मीटरचा. तेवढ्यात सायकल ५.४ मीटर जाते. तेव्हा पेडलवर सरासरी बल पाचपट, २५ किलोभार, लागते. पण पाय फेऱ्याच्या काही भागातच जोर लावू शकतो. म्हणून ऐन जोराच्या क्षणी हे बल याच्या सुमारे दुप्पट, ५० किलोभाराच्या घरात जाते. बसून हे जमत नाही, म्हणून आपण सीटवरून उठतो आणि शरीराचे वजन पेडलवर टाकतो. वेग ताशी आठ किलोमीटर असेल, तर पाय मिनिटाला जेमतेम २५ वेळा फिरतात. मागचे चक्र १८ ऐवजी ३६ दात्यांचे असते तर बल निम्मे लागले असते आणि पाय दुप्पट फिरले असते.

चाणाक्ष विद्यार्थी इथे अडवेल. बल निम्मे आणि फेरे दुप्पट, म्हणजे कार्य तेवढेच राहिले. मग वाचले काय? प्रश्न अगदी बरोबर आहे. निर्जीव यंत्राचे काहीच वाचले नसते. स्नायूंचे वाचते. त्याचे कारण कळायला विसावे शतक निम्मे उलटावे लागले. पण कारण माहीत नसताना एका माणसाने ते स्वतःच्या पायांवरून ओळखले होते.

त्याचे नाव पोल द व्हिव्ही. जन्म १८५३ चा. सेंत-एत्येन या डोंगराळ गावात तो रेशमाचा व्यापार करी. पस्तिशीच्या आसपास त्याने तो सोडून सायकलींचे दुकान काढले, १८८७ मध्ये 'ल सिक्लिस्त' हे मासिक सुरू केले आणि 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने त्यात लिहू लागला. गावाबाहेर कोल द ला रेपुब्लिक हा घाट आहे. तिथे एकदा त्याच्याच मासिकाचा एक तरुण वाचक तोंडात पाईप धरून त्याला मागे टाकून गेला, अशी आठवण सांगतात. त्या तरुणाच्या सायकलचा गिअर हलका होता. खरे-खोटे काही असो, व्हेलोसिओने पुढची सगळी वर्षे एका गोष्टीच्या मागे घालवली. चढाला एक गिअर आणि सपाटीला दुसरा. सुरुवातीला दोन दातेरी चक्रे बसवून साखळी हाताने एकीवरून दुसरीवर टाकायची, असा प्रकार होता. मग साखळी बाजूला सरकवणाऱ्या यंत्रणा आल्या. इंग्लंडमध्ये याच सुमारास स्टर्मी आणि आर्चर यांची, हबच्या आत दडलेल्या तीन गिअरांची रचना निघाली.

याला विरोध झाला तो अडाण्यांकडून नव्हे. आँरी देग्रांज हा स्वतः नामांकित सायकलपटू होता. १८९३ मध्ये तासाभरात ३५ किलोमीटरच्या वर सायकल चालवण्याचा विक्रम त्याने केला होता. पुढे १९०३ मध्ये तूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारा तोच. १९०२ साली फ्रान्सच्या पर्यटन मंडळाने डोंगराळ मार्गावर सायकलींची चाचणी घेतली. मार्थ एस नावाच्या महिलेने तीन गिअरच्या 'गोलोआज' सायकलवर ते चढ पाय जमिनीला न टेकता पार केले आणि एका गिअरच्या सायकलवरील नावाजलेल्या पुरुषापेक्षा ती सरस ठरली, अशी नोंद सायकलीच्या इतिहासात आहे. यावर देग्रांजने लिहिले त्याचा आशय असा, की गिअर पंचेचाळिशीपुढच्या लोकांना ठीक आहेत, पण जिंकायचे तर स्नायूंच्या बळावर, यंत्राच्या युक्तीवर नव्हे.

हा युक्तिवाद आजही वेगवेगळ्या रूपांत ऐकू येतो, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. देग्रांजला शर्यत हवी होती आणि शर्यतीत सगळ्यांना सारखाच त्रास व्हावा, हे त्याचे म्हणणे त्याच्या जागी समजण्यासारखे आहे. पण त्याने त्रासालाच गुण ठरवले. व्हेलोसिओला डोंगरापलीकडे काय आहे ते पाहायचे होते आणि संध्याकाळी घरी येऊन दुसऱ्या दिवशी दुकानही उघडायचे होते. देग्रांजने तूरमधल्या स्पर्धकांना साखळी सरकवणारे गिअर वापरू दिले नाहीत. चढ आला की खेळाडू खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला मोठे चक्र असे, आणि मग घाट चढत. देग्रांज १९३६ मध्ये आजारपणामुळे बाजूला झाला आणि १९३७ च्या शर्यतीत गिअरना परवानगी मिळाली. व्हेलोसिओ ते पाहायला नव्हता. १९३० मध्ये सेंत-एत्येनच्या रस्त्यावर ट्रामच्या धक्क्याने तो गेला होता.

याच काळात आपल्या मुंबईहूनही एक मोठा प्रवास झाला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. अंतर ४४,००० मैल, म्हणजे सुमारे ७१,००० किलोमीटर. वजने उचलणारी ही दणकट मुले. पण पुन्हा भागाकार करा. चार वर्षे पाच महिन्यांत दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर पडतात. मुक्काम आणि खोळंबे धरूनची ही सरासरी आहे हे खरे, तरी एवढे अंतर कापणाऱ्या माणसांचेही गणित वेगाचे नव्हते, रोज उठून पुन्हा निघण्याचे होते.

स्नायूंची कोठी

आता त्या चाणाक्ष विद्यार्थ्याचा प्रश्न. स्नायूंचे नेमके काय वाचते?

सायकल हे माणसाचे श्रम मोजायला फार सोयीचे यंत्र आहे. स्वार एका जागी बसतो, पायांनी केलेले कार्य मोजता येते आणि त्याच वेळी त्याचा श्वास गोळा करून किती ऑक्सिजन खर्च झाला हेही मोजता येते. १९१३ मध्ये बोस्टनच्या प्रयोगशाळेत बेनेडिक्ट आणि कॅथकार्ट यांनी एका धंदेवाईक सायकलपटूवर असे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रो यांनीही मोजमापाची सायकल तयार केली. अशा प्रयोगांतून कळले, की अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी शेकडा २० ते २५ भागच पेडलवर कार्य म्हणून उतरतो. उरलेल्याची उष्णता होते.

हे इंधन येते कुठून? शरीरात दोन साठे आहेत. एक चरबीचा, तो प्रचंड. सडपातळ माणसाच्या अंगातही कित्येक दिवस पुरेल इतका. दुसरा ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायू आणि यकृत यांत साठवलेल्या कर्बोदकांचा. तो जेमतेम चार-पाचशे ग्रॅम, सुमारे दोन हजार किलोकॅलरींचा. चरबी सावकाश जळते; श्रम जितके तीव्र तितका ग्लायकोजेनवर भार जास्त. ताशी २० किलोमीटर वेगाने आठ तास, म्हणजे १६० किलोमीटर सायकल चालवायला, आमच्या ढोबळ हिशेबाने सुमारे २८०० किलोकॅलरी लागतात. लहान कोठीतून अधिक खर्च झाला, तर संध्याकाळच्या आत ती रिकामी होते आणि 'पायांतले त्राण गेले' असे होते.

ही कोठी भरता येते का, हे पाहण्याचा प्रयोग १९६६ मध्ये स्वीडनमध्ये योनास बेर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमान यांनी केला, तोही स्वतःवर. मोजमापाची एकच सायकल, तिच्या दोन्ही बाजूंना दोघे बसलेले. एकाने डाव्या पायाने आणि दुसऱ्याने उजव्या पायाने पेडल मारायचे, दमून थांबेपर्यंत. दुसरा पाय स्वस्थ. मग तीन दिवस दोघांनी भरपूर कर्बोदके खाल्ली आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन नुसते भरून आले नव्हते, ते स्वस्थ पायाच्या जवळजवळ दुप्पट झाले होते. शरीर एकच, रक्त एकच, जेवण एकच. फरक फक्त श्रमाचा. म्हणजे भरण्याची हाक स्नायूच्या आतून, रिकामा झालेल्या स्नायूकडूनच येते.

दुसऱ्याच वर्षी या दोघांनी सॉल्टिन आणि हेर्मान्सेन यांच्यासह पुढचा प्रयोग केला. तेच लोक, तीच सायकल, तेवढेच भारी श्रम, फक्त आधीच्या तीन दिवसांचा आहार वेगळा. मिश्र आहारावर ते सरासरी ११४ मिनिटे टिकले. मांस व स्निग्ध पदार्थ यांवर ५७ मिनिटे. भरपूर कर्बोदकांवर १६७ मिनिटे.

व्हेलोसिओच्या नियमांकडे आता पुन्हा पाहण्यासारखे आहे. भूक लागण्याआधी खा, थंडी वाजण्याआधी अंगात घाला, विश्रांती थोडी आणि क्वचित घ्या, प्रवासात दारू आणि मांस टाळा, पहिल्या काही तासांत जोर करू नका, आणि दुसऱ्यांना दाखवण्यासाठी कधीही सायकल हाणू नका, असा त्यांचा आशय. खाल्लेले रक्तात उतरायला वेळ लागतो, म्हणून पहिला नियम खरा. आज तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यायला सांगतात. गुळाचे दोन-तीन मोठे खडे, केळी, राजगिऱ्याची वडी किंवा पोळीचा गुंडाळा, कशानेही ते भागते. सुरुवातीला जोर न करण्याचा नियमही खरा. सपाटीवर ताशी २० चा वेग ३० केला, तर हवेच्या विरोधामुळे लागणारी शक्ती सुमारे ९० वॅटवरून २५० वॅटवर जाते आणि तेवढ्याच अंतराला जवळजवळ दुप्पट ऊर्जा खर्च होते. तहान लागण्याआधी पाणी प्या, हा त्याचा आणखी एक नियम मात्र जपून घ्यायला हवा. तहान नसताना तासन्तास साधे पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडच्या उन्हात पाण्याबरोबर चिमूटभर मीठ पोटात जाणे शहाणपणाचे.

गिअरचे कोडेही इथेच सुटते. स्नायूत मंद आणि जलद असे दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू न थकता दीर्घकाळ काम करतात. बल जास्त लागले की जलद तंतूंना हाक जाते. ते ग्लायकोजेन भराभर खातात आणि लवकर थकतात. १९९२ मधील एका प्रयोगात तेवढीच शक्ती मिनिटाला ५० फेरे आणि १०० फेरे अशा दोन प्रकारे काढून घेतली. हळू, जड फेऱ्यांत जलद तंतूंमधील ग्लायकोजेन जास्त संपले. कार्य सारखे असूनही बिल वेगळे आले.

मग सराव कशासाठी? १९६७ मध्ये अमेरिकेत जॉन होलोसी यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर कित्येक आठवडे पळवले आणि त्यांचे स्नायू तपासले. ऑक्सिजन वापरून इंधन जाळणाऱ्या तंतुकणिकांची क्षमता सुमारे दुप्पट झाली होती. तंतुकणिका वाढल्या, की तेवढ्याच श्रमात चरबी अधिक जळते आणि ग्लायकोजेन मागे राहते. सरावाने कोठी थोडी मोठी होते, पण खरा फायदा हा, की ती सावकाश रिकामी होते. या वाढीला आठवडे लागतात. शेवटच्या चार दिवसांत धापा टाकत केलेल्या सरावाने ती होत नाही, उलट कोठी रिकामी होऊन बसते. म्हणून दोन-तीन महिने, आठवड्यातून तीन-चार दिवस, बोलता येईल इतक्या वेगाने चालवावे. सुटीच्या दिवशीचे अंतर हळूहळू वाढवावे. आणि शेवटच्या आठवड्यात सराव कमी करून भात, भाकरी, बटाटा यांचे प्रमाण वाढवावे. कर्बोदके भरण्याआधी मुद्दाम काही दिवस ती बंद ठेवण्याची पद्धत पूर्वी होती. तिची गरज नाही, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले.

निघण्यापूर्वी सायकलकडे

सायकलची तयारी याच हिशेबाने करावी. सीटची उंची अशी, की पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट खाली असेल तर गुडघ्यावर भार येतो, आणि शाळकरी मुलांच्या बहुतेक सायकलींची ती खालीच असते. साखळी पुसून तेल द्यावे, जास्तीचे तेल पुन्हा पुसावे. चाकाचा आऊट काढून घ्यावा. चाक स्पोकांवर उभे नसते, ते ताणलेल्या स्पोकांच्या जोरावर उभे असते. एक सैल झाला की शेजारच्यांवर भार जातो आणि ते तुटू लागतात. ब्रेकची रबरे, केबल, हबचे छर्रे पाहावेत. निघण्याच्या आदल्या दिवशी नवा भाग बसवू नये; बसवायचा तो पंधरा दिवस आधी, आणि त्यावर शंभरेक किलोमीटर चालवून. शिवाय पंक्चरचे सामान, एक ट्यूब, पंप, पाना आणि दोन स्पोक. हे बाळगून उपयोग तेव्हाच, जेव्हा फेरीतल्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतः पंक्चर काढलेले असेल.

स्वतः दुरुस्ती करण्याची कथा सायकलच्या इतिहासात एकच गाजली, आणि ती देग्रांजच्याच शर्यतीतली. जुलै १९१३ मध्ये पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरताना यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घ्यायला नियमाने बंदी. त्याने सायकल खांद्यावर घेतली, दहाएक किलोमीटर घाट पायी उतरून सेंत-मारी-द-कांपां या खेड्यातले लोहाराचे दुकान गाठले आणि अधिकाऱ्यांच्या नजरेखाली स्वतः चिमटा सांधला. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून एका लहान मुलाने भाता हलवला. तेवढ्यासाठी त्याला दंडाची मिनिटे लागली. काही तासांनी तो पुन्हा निघाला आणि शर्यत त्याने सातव्या क्रमांकाने पुरी केली. पुढे १९१९ मध्ये, तो आघाडीवर असताना, चिमटा पुन्हा मोडला, आणि १९२२ मध्ये तिसऱ्यांदा. धातूतली भेग एका दिवसात पडत नाही. चिमट्याच्या वरच्या सांध्याजवळचा रंग केसासारख्या बारीक रेषेत उडालेला दिसला, तर तिथे आधी पाहावे. त्यासाठी पुढचे चाक काढून सायकल उलटी करून उन्हात धरावी लागते.